डोंगरातला वर्तुळाकार ट्रेक आखताना

माझा पहिला वर्तुळाकार ट्रेक पाच दिवसांचा ठरला होता, झाला साडेसहा दिवसांचा. कुणाला लागलं नाही, वादळ आलं नाही, वाटही चुकली नाही. चुकली होती ती आखणी. नकाशावरचं वर्तुळ इतकं सुबक दिसत होतं की एकूण अंतराला पाचाने भागून आम्ही मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता एका ओढ्याच्या काठावर उभे होतो. पाणी मांडीला लागेल इतकं आणि ओढ जबर. मुक्कामाची जागा पलीकडे. मागे फिरायचं तर सकाळी उतरलेली खिंड पुन्हा चढायची.

गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर परतीचं प्रत्येक वळण ओळखीचं असतं. पाणी कुठे होतं, कुठे घसरलो होतो, सगळं डोक्यात असतं. वर्तुळात शेवटच्या दिवसापर्यंत वाट नवीच. शिवाय अर्धं अंतर सरलं की मागे फिरणं हे पुढे जाण्याइतकंच लांब पडतं. म्हणून वर्तुळाची आखणी पहिल्या दिवसापासून सुरू करू नका, त्यातल्या सर्वांत अवघड जागेपासून सुरू करा. मला हे उशिरा कळलं.

१. अवघड जागा आधी शोधा

नकाशा पसरा आणि आख्ख्या वाटेवर एकच प्रश्न विचारा: आपण अडकलो तर कुठे अडकू? बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एक असतं: सर्वांत उंच खिंड, पूल नसलेला ओढा, किंवा जिथे पाणीच नाही अशी डोंगराची लांबलचक धार. त्या जागेवर लाल खूण करा. बाकीचे मुक्काम तिच्या अलीकडे-पलीकडे बसवायचे आहेत.

यासाठी कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता यायला हव्यात. रेषा दाटीवाटीने असतील तर उभा चढ, विरळ असतील तर सपाटी. चढाच्या दिशेने टोक असलेला 'व्ही' दिसला की ती घळ किंवा ओढा, उताराकडे टोक असेल तर सोंड किंवा धार. दोन रेषांमध्ये उंचीचा किती मीटरचा फरक आहे, हे नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, ते आधी वाचा. २० मीटरचा नकाशा वाचायची सवय असलेला माणूस ४० मीटरचा नकाशा हातात घेतो आणि चढ निम्माच धरून चालतो. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, पण तो सरळ मोजलेला. चढावरची नागमोडी वाट त्या सेंटिमीटरमध्ये मावत नाही, त्यामुळे पायांना पडणारं अंतर नेहमी जास्तच भरतं.

पहिल्याच खेपेला एक मोठं वर्तुळ घेण्यापेक्षा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट मिळते का पाहा. दोन लहान वर्तुळं, मध्ये एक सामाईक जागा. तिथे दोन दिवसांचा शिधा आधीच ठेवता येतो आणि दम संपला असेल तर निम्म्यावर लाज न वाटता थांबता येतं. नकाशावर ती रुबाबदार दिसत नाही, एवढाच तिचा दोष.

२. दिशा ठरवा: घड्याळाच्या की उलट?

ही गोष्ट नवखे लोक नाणं उडवून ठरवतात. आम्ही तर तेही केलं नव्हतं. बस जिकडे सोडत होती तिकडून चालू लागलो.

नेपाळमधली अन्नपूर्णा परिक्रमा बहुतेक लोक घड्याळाच्या उलट दिशेने करतात, त्याला कारण आहे. थोरोंग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे. मनांगच्या बाजूने गेलं तर उंची हळूहळू वाढते आणि वाटेत मुक्काम करत शरीर रुळतं. मुक्तिनाथच्या बाजूने आलं तर दीड हजार मीटरहून जास्त चढ जवळजवळ एका दमात अंगावर येतो. वाट तीच, खिंडही तीच, पण एका बाजूने ती झेपते आणि दुसऱ्या बाजूने कित्येकांना माघारी पाठवते. चिलीतल्या टोरेस डेल पाइने राष्ट्रीय उद्यानातल्या मोठ्या वर्तुळावर तर घड्याळाच्या उलट दिशेनेच चालायचा नियम आहे. तेव्हा आधी नियम बघा, मग आवड.

दिशा ठरवताना मी हे बघतो: अवघड खिंडीचा सौम्य उतार कुठल्या बाजूला आहे. उभा चढ चढणं दमवतं, पण उभा उतार पाठीवर ओझं घेऊन उतरणं गुडघे घालवतं आणि बहुतेक वेळा माणूस घसरतो तो उतरतानाच. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर बर्फ उशिरापर्यंत टिकतो. पहाटे त्याची काच झालेली असते. अशा बाजूने चढायला मिळालं तर चांगलं, उतरायची वेळ आली तर ऊन लागून बर्फ थोडा सैल होईपर्यंत थांबावं लागतं आणि तो वेळ आखणीत धरावा लागतो. तिसरं म्हणजे शिधा. पहिल्या दोन दिवसांत सॅक सर्वांत जड असते, म्हणून मोठा चढ तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला तर बरं. पण वर्तुळाच्या अगदी शेवटी नको, कारण तिथे तो अडला तर हातात शिधाही नसतो आणि दिवसही नसतात.

३. दिवसाचा हिशोब किलोमीटरने नको, तासांनी करा

१८९२ साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा ठोकताळा दिला, तो आजही चालतो. मेट्रिकमध्ये तो असा: सपाटीला दर ५ किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. उभ्या उतारालाही दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाढवावीत.

समजा दिवसाचा टप्पा १४ किलोमीटरचा आहे आणि चढ ९०० मीटरचा. अंतराचे २ तास ४८ मिनिटं, चढाचा दीड तास, मिळून ४ तास १८ मिनिटं. ऐकायला किती सोपं! पण नाइस्मिथचा हिशोब तंदुरुस्त माणसाचा, हलक्या पाठीचा आणि विश्रांती न धरता केलेला आहे. पाच दिवसांचं ओझं असेल तर मी सरळ दीडपट करतो, म्हणजे साधारण साडेसहा तास. त्यात जेवण, पाणी भरणं, फोटो, बुटातला खडा काढणं असा दीड तास घाला. आठ तास झाले. सकाळी सातला निघालात तर तीनला पोहोचाल, आणि तीन हीच बरोबर वेळ आहे. तंबू उजेडात लागतो, दुपारनंतरचे गडगडाटी ढग तुम्ही धारेवर असताना गाठत नाहीत.

गटाचा वेग हा सर्वांत संथ माणसाचा वेग असतो. हिशोब त्याच्यावरच बांधा आणि त्याला ते आधीच सांगून टाका, म्हणजे तो धापा टाकत इतरांना गाठायचा प्रयत्न करणार नाही.

एक दिवस मोकळा ठेवा. आखणी पाच दिवसांची असेल तर सुट्टी सहा दिवसांची घ्या. तो दिवस कुठे वापरायचा हे ठरवू नका, हवामान ठरवेल.

४. झोपायची उंची तपासा

अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि तो कुणाला होईल हे तब्येतीवरून सांगता येत नाही. धडधाकट धावपटू आडवे होतात आणि पन्नाशीचे संथ चालणारे मजेत असतात. ३,००० मीटरच्या पुढे गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांनी मान्य केलेला संकेत आहे. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या.

वर्तुळात इथे एक खास सापळा असतो. दोन खिंडींच्या मध्ये कटोरीसारखं खोरं असतं, छान कुरण, पाणी, नकाशावर मुक्कामाची खूण. पण रात्री कुणाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर उपाय एकच: खाली उतरणं. आणि या कटोरीतून खाली जायचं तर दोन्हीकडून आधी वर चढावं लागतं. ओढा जिथून बाहेर पडतो ती घळ चालण्याजोगी आहे का, हे घरी असतानाच बघा. नसेल तर तिथे पहिल्या उंच रात्रीचा मुक्काम टाकू नका. डोकेदुखी असताना आणखी वर जाऊन झोपायचं नाही, हा नियम गटातल्या प्रत्येकाकडून आधी कबूल करून घ्या. वर गेल्यावर सगळेच 'मला काही नाही' म्हणतात. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि ती घेतली म्हणजे पायऱ्या गाळता येतात असं समजू नका.

५. प्रत्येक दिवसाला एक बाहेरची वाट आणि एक वेळ

प्रत्येक मुक्कामापुढे दोन गोष्टी लिहा. इथून गाडीरस्त्याला किंवा वस्तीला सर्वांत जवळची वाट कुठली, आणि तिला किती तास लागतील. ट्रेकर लोक तिला एस्केप रूट म्हणतात. आमच्या पहिल्या ट्रेकमध्ये ही ओळच नव्हती. त्या ओढ्यापासून तासाभरावर एक मेंढपाळांची वाट खाली उतरत होती, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे माघारीची वेळ, विशेषतः लाल खुणेच्या दिवशी. 'अकरापर्यंत खिंडीच्या माथ्यावर नसलो तर परत फिरायचं' असं वाक्य कागदावर लिहा. वर गेल्यावर ते नव्याने ठरवायला बसलात तर माथा नेहमी 'अजून वीसच मिनिटं' लांब असतो.

ओढ्यांचंही वेळापत्रक असतं. बर्फ वितळून येणारं पाणी पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर सर्वांत जास्त असतं. आम्ही त्या रात्री अलीकडेच तिरक्या जमिनीवर झोपलो आणि सकाळी सहाला तोच ओढा गुडघ्याच्याही खालून पार केला. पार करताना सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर ती झटकता आली पाहिजे. पात्र जिथे रुंद आणि फाटे फुटलेलं असतं तिथे पाणी उथळ असतं. अनवाणी जाऊ नका.

६. पाणी

नकाशावर तुटक निळी रेषा म्हणजे वर्षभर न वाहणारा ओढा. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यात त्याच वाटेने गेलेल्या कुणाला तरी विचारा. दुसऱ्या ऋतूतल्या माणसाची माहिती इथे उपयोगाची नाही. धारेवरचा मुक्काम देखणा असतो, पण पाणी पाठीवर न्यावं लागतं आणि एक लिटर म्हणजे एक किलो.

डोंगरातलं नितळ पाणीही शुद्ध समजू नका, वर जनावरं चरत असतात. उकळायचं तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. पोकळ तंतूंचा फिल्टर हलका आणि सोयीचा, पण एकदा वापरल्यावर आत पाणी राहिलं आणि ते गोठलं तर तंतू फाटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. थंडीत तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. फोन आणि पॉवर बँकही तिथेच, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

७. पाठीवर काय असावं

सगळी यादी देत बसत नाही, चुकतं तेवढंच सांगतो.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. 'कम्फर्ट' हा आकडा बघून घ्या. 'एक्स्ट्रीम' हा फक्त जीव वाचण्याचा आकडा आहे, झोप लागण्याचा नाही, आणि जाहिरातीत कधी कधी नेमका तोच मोठ्या अक्षरात असतो. रात्री किती थंडी असेल याचा अंदाज असा घ्या: दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली गावात रात्री १५ असेल तर गावापेक्षा २,००० मीटर उंचावर साधारण २ अंश. वारा धरला तर आणखी कमी वाटेल. बॅग कितीही भारी असली तरी खालची मॅट पातळ असेल तर थंडी जमिनीतून येते. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते याचा आकडा, बघा. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांची बेरीज होते.

ब्यूटेन वायू शून्याच्या जरा खाली गेला की बाष्पच होत नाही आणि स्टोव्ह मरतो. थंडीसाठी आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या. विमानाने जाणार असाल तर डबा तिथे पोहोचूनच घ्यावा लागेल, विमानात तो चालत नाही. पॉवर बँक हँडबॅगेत.

शिधा माणशी दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम कोरडा, आणि एका दिवसाचा जास्तीचा. खाणं दिवसावार वेगळ्या पिशव्यांत भरा, नाहीतर पहिल्या दोन दिवसांत चांगलंचुंगलं संपतं आणि शेवटी नुसती भुकटी उरते.

सॅक भरून वजनकाट्यावर ठेवा. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असेल तर चालाल, चौथ्या हिश्शाच्या पुढे गेली तर काहीतरी काढा. आधी जादा कपडे काढा. रेनकोट, गरम थर, हेडटॉर्च, प्रथमोपचार आणि कागदी नकाशा-होकायंत्र यांना हात लावू नका. फोनमध्ये जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे वाटेची जीपीएस फाइल, जरूर ठेवा, ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, एरोप्लेन मोडवर चाला. पण पडून काच फुटलेला फोन मी पाहिला आहे, पडून फुटलेला कागद अजून पाहायचा आहे.

८. कागदपत्रं

डोंगर राष्ट्रीय उद्यानात, सीमेजवळ किंवा राखीव जंगलात असेल तर परमिट लागतं. वर्तुळात अडचण अशी की वाट कधी कधी दोन वेगळ्या हद्दींतून जाते आणि प्रवेशाच्या बाजूचं परमिट बाहेर पडण्याच्या बाजूला चालत नाही. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराची प्रदक्षिणा साधारण १७० किलोमीटरची आहे आणि फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. तिथे तंबू ठोकण्याचे नियमही जागेगणिक बदलतात. दोन्ही बाजूंच्या कार्यालयांना स्वतंत्र विचारा. सोबत ठेवा:

ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती
परमिट आणि मुक्कामाच्या जागांचं आरक्षण, छापील
विम्याचा कागद, त्यात किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च धरला आहे का, हे शोधून अधोरेखित करा
रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं लिहिलेली चिठ्ठी, सॅकच्या वरच्या कप्प्यात
लागत असेल तर डॉक्टरांचा दाखला

उपग्रहावर चालणारं संदेश-उपकरण मोलाचं आहे, पण काही देशांत, भारतातही, ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही. घेण्याआधी चौकशी करा. काहीच नसेल तर शिट्टी असतेच: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. मदतीची ही खूण डोंगरात बऱ्याच ठिकाणी ओळखतात. उत्तर येतं मिनिटात तीन.

९. रंगीत तालीम

निघायच्या तीन आठवडे आधी एक रात्र पूर्ण सामानासह बाहेर काढा. तेच बूट, तीच सॅक, तेवढंच वजन, शक्य असेल तर पावसात. तंबूची एक खुंटी कमी आहे, स्टोव्हला लायटर नाही, डाव्या टाचेला फोड येतो, हे सगळं तिथे कळू दे. नवे बूट ट्रेकच्या पहिल्या दिवशी घालणाऱ्याला चौथ्या दिवशी चपलेवर चालताना मी पाहिलं आहे. टाच गरम वाटायला लागली की तिथेच थांबून पट्टी लावा, फोड यायची वाट पाहू नका.

१०. घरी ठेवायचा कागद

आम्ही घरी सांगितलं होतं, 'पाच-सहा दिवसांत येतो.' सहाव्या दिवशी रात्री घरचे काय करावं या विचारात जागे होते, कारण नेमकं कधी घाबरायचं हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

आता मी एक पानभर कागद ठेवतो. त्यावर रोजचा मुक्काम, चालायची दिशा, प्रत्येक दिवसाची बाहेरची वाट, तंबूचा आणि रेनकोटचा रंग, सोबत्यांच्या घरचे नंबर, स्थानिक बचाव पथकाचा नंबर. आणि खाली मोठ्या अक्षरात एक तारीख आणि वेळ: इथपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळवा, त्याच्या आधी नाही. ही वेळ मोकळा दिवस धरून लिहायची, म्हणजे एक मुक्काम वाढला तरी कुणी शोधायला निघत नाही. कागद अशा माणसाकडे द्या जो वेळ झाल्यावर खरंच फोन उचलेल, 'येतील हो' म्हणून बसून राहणार नाही. आणि रेंज आल्याबरोबर पहिला फोन त्यालाच करा, चहाच्याही आधी.